पांढरीवर जाताना पाठीवर काय घ्यावं

गाडी जिथं थांबते तिथून पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं, टेकाड अनेकदा दोन-तीन किलोमीटर आत असतं, आणि वाट पांदणीची. म्हणून माणशी ओझं १२ किलोवर जाऊ देऊ नये. त्यातले ५ किलो पाण्याचे, हे आधीच वजा करावं. पुढची यादी दोघांच्या पथकासाठी, पृष्ठभागाची पाहणी आणि २ × २ मीटरचा एक चाचणी खड्डा एवढ्याच कामाची आहे. खड्ड्याला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना हवाच. तो नसेल तर टिकाव-फावडं गाडीतही ठेवू नका.

सगळ्यात आधी खुंट्या. लाकडी खुंटी काळ्या रानात टिकत नाही, कारण ही माती ओलीनं फुगते, उन्हानं आकसते आणि खुंटीला सोबत हलवते. १० मिलिमीटरच्या सळईचे ४५ सेंटिमीटरचे चार तुकडे कापून घ्या. चारही तुकड्यांचं वजन किलोभरच भरतं. खुंटी खड्ड्याच्या कोपऱ्यावर नको, अर्धा मीटर बाहेर ठोका, म्हणजे कड ढासळली तरी मोजमापाची रेघ शाबूत राहते. खड्डा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का, हे कर्ण मोजून पाहा: दोन्ही कर्ण २.८३ मीटर आले पाहिजेत. काळ्या मातीत आणखी एक फसवणूक आहे. उन्हाळ्यात भेगा खोल जातात आणि वरचा मणी किंवा नाणं त्यात घरंगळून खालच्या थरात जाऊन बसतं. भेगेत सापडलेल्या वस्तूच्या चिठ्ठीवर ‘भेग’ असं ठळक लिहा, नाहीतर तारखेचा सगळा हिशोब चुकतो.

उंची मोजायला महागडं यंत्र वाहून नेण्यापेक्षा गवंड्याची लेव्हल पाईप बरी: पारदर्शक, १० मीटर, कोरडी गुंडाळून न्यायची आणि जागेवर बादलीतून भरायची. दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी समान दिसतंय याची खात्री करा. मग एक टोक पक्क्या बिंदूवर, म्हणजे जिथून सगळ्या उंच्या मोजायच्या तिथं, दुसरं खुंटीवर. चुका तीनच होतात: आत बुडबुडा राहतो, कुणीतरी टोकावर अंगठा ठेवतं, किंवा अर्धी नळी उन्हात पडते. तिसरी लक्षातच येत नाही. एका बाजूचं पाणी २५ अंशांवर आणि दुसरीकडचं ४५ वर असेल, तर मीटरभर उभ्या स्तंभात सुमारे ७ मिलिमीटरचा फरक येतो. पक्का बिंदू उघड्या कातळावर किंवा पुलाच्या कठड्यावर घ्यावा. काळ्या रानात नाही, आणि जुन्या देवळाच्या जोत्यावर रंगाची खूण तर कधीच नाही.

होकायंत्राला इथला बेसॉल्ट भुलवतो. कातळाजवळ आणि सळईपाशी सुई हलते, म्हणून एका रेषेचं दोन्ही टोकांवरून वाचन घ्या. दोन वाचनांतला फरक १८० अंश आला नाही तर जागा बदला. फोनच्या जीपीएसची चूक काही मीटरची असते. टेकाड नकाशावर टाकायला तो चालतो, खड्ड्याचे कोपरे ठरवायला नाही. यूटीएम (पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये जागा सांगणारी पद्धत) निर्देशांक लिहिताना पट्टाही लिहा: मराठवाडा जवळपास सगळा ४३ मध्ये, पण किनवट ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला, म्हणजे ४४ मध्ये.

आता पिशव्या, जिथं बहुतेक पथकं ढिली पडतात. मार्करची अक्षरं उन्हात उडतात. जाड कागदावर पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी छोट्या झिपलॉक पिशवीत घालून आत, आणि तोच मजकूर मार्करनं बाहेर. चिठ्ठीवर स्थळ, खड्डा, थर, खोली, तारीख. ओली खापरं बंद पिशवीत ठेवली की बुरशी धरते, म्हणून पिशवीला दाभणानं दोन-तीन भोकं पाडा. शिशाची नाणी वर्तमानपत्रात किंवा पुठ्ठ्याच्या डबीत ठेवू नका; कागदाच्या आम्लानं ती पांढरी पडून झिजतात. पॉलिथिनची डबी, सिलिका जेलची पुडी, बस. नाणं जागेवर घासायचा मोह आवरा, लिंबू तर लांबच. कोळशाचा तुकडा स्वच्छ चिमट्यानं उचलून ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये. कापूस लावला तर वय ठरवणाऱ्या कार्बनच्या तपासणीत कापसाचाही कार्बन मोजला जातो.

थापी टोकदार आणि एकसंध घडणीची घ्या, रिव्हेटवाली वाळक्या मातीत दोन दिवसांत वाकते. शिवाय ओळंबा, ३० आणि ५ मीटरच्या टेप, नायलॉनची दोरी, ५ मिलिमीटरची चाळणी.

शेवटी एक लिटरचा फवारा, नवीनच आणा. औषध मारलेला कितीही धुतला तरी नको. थर कोरड्या कडेवर दिसत नाहीत. सकाळी सावलीत कड हलकी ओली केली की राखेचा, पांढरीचा, काळ्या मातीचा रंग वेगळा उठतो. थरांच्या रेघा थापीनं तेव्हाच ओढा आणि फोटोही तेव्हाच घ्या. दहानंतर तीच कड एकरंगी दिसते.