नाणेनिधीच्या अभिरूप बैठकीला जाण्याआधी

अभिरूप बैठकीत विकसनशील देशाची बाजू मांडायची म्हटलं की बहुतेकजण आधी भाषण लिहायला बसतात. भाषण शेवटी. आधी कागद घ्या आणि तुमच्या वाट्याला आलेल्या देशाची मतं हातानं मोजा.

कोटा म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत देशानं भरायचा वाटा; तो एसडीआर या निधीच्याच हिशेबी एककात मोजतात. दर एक लाख एसडीआर कोट्यामागे एक मत मिळतं. शिवाय सगळ्यांना सारखीच असलेली मूळ मतं, देशागणिक साधारण साडेचौदाशे. तुवालूचा कोटा 25 लाख एसडीआर, म्हणजे कोट्याची मतं अवघी 25. बाकी सगळी मूळ मतांची पुण्याई. अमेरिकेची मतं आठ लाखांच्या वर. मूळ मतांचा एकूण हिस्सा आज 5.502 टक्क्यांवर बांधलेला आहे आणि सुरुवातीच्या काळात तो 11 टक्क्यांच्या आसपास होता, हे दोन आकडे चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. लहान देशाची मागणी इथूनच उभी राहते.

देश चीन किंवा ब्राझीलसारखा मोठा असेल तर मात्र मूळ मतं वाढवून त्याच्या पदरात काही पडत नाही, उलट थोडं जातंच. त्यानं कोट्याच्या सूत्राकडे वळावं: जीडीपीला 50 टक्के वजन, खुलेपणाला (परदेशाशी होणाऱ्या व्यवहारांना) 30, परदेशातून येणाऱ्या पैशातल्या चढउतारांना 15, परकीय चलनाच्या गंगाजळीला 5. जीडीपीतही 60 टक्के बाजारभावानं आणि 40 टक्के खरेदीशक्तीनं मोजलेला. खरेदीशक्तीचं वजन वाढवा म्हणायचं की खुलेपणाचं कमी करा, हे आधीच ठरवून घ्या. ‘विकसनशील देशांची मागणी’ असं मोघम बोललात तर समोरचा नेमकं विचारेल, कोणत्या देशांची? लहान देश आणि मोठे देश एकाच बाकावर बसतात, पण हिशेब वेगळा.

‘2023 मध्ये कोटा वाढवायचं ठरलंच की’, हा टोला येणारच. उत्तर तयार ठेवा: ती 50 टक्के वाढ सगळ्यांना आपापल्या प्रमाणात होती, त्यामुळे कोणाचाही हिस्सा हलला नाही. 2024 मध्ये सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेला निधीचा रोजचा कारभार पाहणाऱ्या कार्यकारी मंडळात तिसरी खुर्ची मिळाली, तीही मान्य करा. पण खुर्ची वाढली म्हणून मतं वाढत नाहीत.

85 टक्क्यांची अट विसरू नका. कोटा बदलायला तेवढी मतं लागतात आणि अमेरिकेकडे एकटीकडे 16 टक्क्यांहून जास्त आहेत. नकाराधिकार हा शब्द नियमांत शोधत बसू नका. तो या वजाबाकीत आहे. 2010 मध्ये मंजूर झालेली कोट्याची सुधारणा 2016 च्या जानेवारीत लागू झाली, कारण अमेरिकी काँग्रेसची मान्यता यायला पाच वर्षं गेली. नाणेनिधीच्या प्रमुखपदी युरोपीय, जागतिक बँकेवर अमेरिकेच्या पसंतीचा, या प्रथेवर एखादं वाक्य पुरे; टाळ्या मिळतात, मतं नाहीत.

ठरावाच्या मसुद्यात कोणाचा हिस्सा किती कमी होणार, तो रकाना भरा. एकूण शंभरच टक्के असतात, तेव्हा पहिला प्रश्न तिथूनच येईल. आणि बैठक कार्यकारी मंडळाची असेल तर तुमच्या गटातल्या बाकीच्या देशांशी आदल्या दिवशीच बोलून घ्या. तिथे बहुतेक देश गटागटानं बसतात, गटाचा संचालक एकच असतो आणि त्याला गटाची मतं फोडून देता येत नाहीत.