फोमच्या शिरस्त्राणावरील कोरीवकाम: सुरक्षित हत्यारांची निवड

मुलीच्या शाळेतील स्नेहसंमेलनासाठी मी १० मिलिमीटर जाडीच्या ईव्हीए फोमचे (मऊ, लवचीक प्लास्टिक फोमचे) मराठा पद्धतीचे शिरस्त्राण घरी तयार केले. कडेची वेलबुट्टी रोटरी टूलने (वेगाने फिरणाऱ्या टोकाच्या, हातात धरायच्या विजेच्या हत्याराने) कोरताना दोन अडचणी आल्या: रेषांच्या कडा फाटत होत्या आणि बारीक भुकटी खोलीभर उडत होती. सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकाने रेषा ओढण्याचा पर्याय मी विचारातही घेतला नाही, कारण फोम जळला की त्याचा धूर श्वासात जातो.

उपाय साध्या कटरने मिळाला. नवे, धारदार पाते लावून फोमच्या निम्म्या जाडीपर्यंतच काप दिला आणि मग हीट गन (गरम हवा फेकणारे यंत्र) अंतर राखून त्यावरून सतत फिरवत नेली, तेव्हा उष्णतेने आकसलेल्या फोममध्ये तो काप आपोआप उघडून स्वच्छ, रुंद खोबण तयार झाली. बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि जोर लावलेले पातेच घसरते. म्हणून कटरच्या पात्याचे बोथट झालेले टोक वेळोवेळी तोडून नवी धार पुढे आणणे हीच माझ्या मते सर्वांत मोठी खबरदारी आहे. काप नेहमी शरीरापासून दूर द्यावा आणि फोम धरणारा हात पात्याच्या वाटेत ठेवू नये.

कडा गोलाकार करण्यासाठी रोटरी टूल मी आजही वापरतो, मात्र सँडिंग ड्रम (घासण्यासाठीचे पॉलिश पेपरचे छोटे नळकांडे) लावून, कमी वेगावर, गच्चीत, आणि गॉगल व एन-९५ मास्क घालूनच. शिरस्त्राण डोक्यात असताना त्यावर कोणतेही हत्यार चालवू नये, आणि हीट गन मुलांच्या हाती देऊ नये.