शर्यतीची सायकल शहरात चालवताना

माउंटन बाइकच्या शर्यतीत जमिनीचा भरवसा नसतो, पण माणसांचा असतो. शहरातल्या रस्त्यावर नेमके उलटे असते. ट्रॅकवर झाडांची उघडी मुळे, सुटे दगड, चिखल आणि एकाएकी तुटणारे उतार असतात, परंतु तिथे सगळे एकाच दिशेने जात असतात, समोरून कोणी येत नाही, आणि शर्यतीआधी सराव फेरी मारून प्रत्येक वळण पाहून ठेवता येते. शहरातले डांबर बऱ्यापैकी गुळगुळीत असते, पण उभ्या मोटारीचे दार कधी उघडेल, फोनवर बोलणारा पादचारी कुठे वळेल किंवा पुढचा दुचाकीस्वार अचानक का थांबेल, हे कोणी आधी सांगत नाही. सुटीच्या दिवशी ट्रेलवर, म्हणजे डोंगर-जंगलातल्या कच्च्या वाटेवर, सराव करणाऱ्या आणि उरलेले दिवस त्याच सायकलवर कामाला जाणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. ट्रॅकवर कमावलेले हाताचे कसब शहरात जरूर आणावे. तिथले धोक्याचे हिशेब मात्र तिथेच ठेवावेत.

सायकल रस्त्यासाठी लावून घेणे

सुरुवात टायरपासून करावी. ट्रेलवर रुंद ट्यूबलेस टायरमध्ये 20 ते 28 पीएसआय इतकीच हवा ठेवतात, कारण मऊ टायर दगडाभोवती दबतो आणि पकड देतो. तीच हवा घेऊन डांबरावर आलात तर सायकल जड चालते आणि वळणावर टायर बाजूला लोळल्यासारखा वाटतो. टायरच्या बाजूवर छापलेली आणि रिमसाठी सांगितलेली कमाल मर्यादा न ओलांडता, 35 ते 40 पीएसआयपर्यंत हवा वाढवली की फरक पहिल्याच वळणात कळतो. टायरमध्ये ट्यूब असेल तर आणखी एक कारण आहे: कमी हवेच्या टायरने खड्ड्याची कड पकडली की ट्यूब रिम आणि कड यांच्यामध्ये चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोके पडतात. मोठ्या गुट्ट्यांचा टायर मातीत रुततो म्हणून चांगला. ओल्या डांबरावर मात्र त्या गुट्ट्यांची टोकेच रस्त्याला टेकतात, आणि जोरात कललात की त्या वाकतात. रोज शहरातच फिरायचे असेल तर बारीक नक्षीचा टायर बसवणे हा सर्वांत सोपा आणि बहुधा सर्वांत उपयोगी बदल आहे.

हँडलच्या रुंदीकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. आजच्या माउंटन बाइकचे हँडल 740 ते 800 मिलिमीटर रुंद असते, म्हणजे बऱ्याच जणांच्या खांद्यांपेक्षा कितीतरी जास्त. एका शर्यतीनंतर दोनच दिवसांनी मी थांबलेल्या मोटारींच्या दोन रांगांमधून पुढे सरकत होतो. अंगाला भरपूर जागा आहे असे वाटत असतानाच हँडलचे टोक एका आरशाला लागले, चाक आपोआप त्या बाजूला वळले आणि मी त्याच मोटारीच्या बॉनेटवर हात टेकून उभा राहिलो. वेग चालण्याइतकाच होता म्हणून निभावले. तेव्हापासून अशा रांगांमध्ये शिरण्याऐवजी मी रांगेत थांबतो. हँडलची टोके उघडी असतील तर त्यांना बुच बसवून घ्यावे. पडताना उघडी नळी पोटात घुसू शकते. शर्यतीआधीच्या तपासणीत म्हणूनच बुचे आवर्जून पाहिली जातात.

घरातून निघण्यापूर्वीची तपासणी एका मिनिटात होते. दोन्ही टायर अंगठ्याने दाबून पाहावेत. ब्रेकचे लिव्हर पूर्ण दाबावेत. ते हँडलला टेकत असतील तर सायकल बाहेर काढू नये. चेन दोन फेरे उलटी फिरवून ती अडकत नाही ना, हे पाहावे. चाक लिव्हरने आवळायचे असेल तर तो लिव्हर बंद करताना तळहातावर वळ उमटण्याइतका जोर लागला पाहिजे. सहज बंद झाला तर तो सैल आहे. शेवटी सायकल दोन-तीन बोटे उचलून खाली आपटावी आणि कान द्यावा. जे सैल असते ते वाजते.

डिस्क ब्रेकच्या रोटरला, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या धातूच्या चकतीला, बोट लावू नये आणि चेनला तेल घालताना त्याचा एक थेंबही त्यावर उडू देऊ नये. या चकतीला दोन्ही बाजूंनी दाबणारे पॅड तेल लागले की किंचाळतात आणि पकडत नाहीत. नवे पॅड बसवले असतील तर मोकळ्या जागेत वेग घेऊन, चाक अडकू न देता, वीसेक वेळा वेग जोराने कमी करावा. त्यानंतरच ते पूर्ण ताकदीने काम करू लागतात.

ब्रेक

माउंटन बाइकच्या शर्यतींचा इतिहासच ब्रेकपासून सुरू होतो असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. 1976 मध्ये कॅलिफोर्नियातील मारिन काउंटीत काही तरुणांनी जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरउतारावर वेळेची शर्यत लावली. त्या सायकलींचे ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, होते. उतार संपेपर्यंत हब इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. त्यावरूनच त्या शर्यतीला ‘रिपॅक’ हे नाव पडले. पुढे 1990 मध्ये कोलोरॅडोतील ड्युरँगो येथे या खेळाची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये क्रॉस-कंट्री, म्हणजे चढ-उतारांच्या ट्रॅकवर फेऱ्या मारण्याच्या प्रकाराचा, समावेश झाला. ब्रेक आज खूपच सुधारले आहेत, पण ते वापरणारा हात बहुतेक वेळा शिकलेला नसतो.

पुढचा ब्रेक दाबला की उडून पडू, ही भीती लहानपणापासून मनात बसलेली असते आणि म्हणून अनेक जण आयुष्यभर मागच्याच ब्रेकवर सायकल थांबवतात. वेग कमी होऊ लागताच शरीराचा भार पुढे सरकतो, पुढचे चाक जमिनीवर दाबले जाते आणि मागचे हलके होते. म्हणून कोरड्या रस्त्यावर थांबण्याचे मुख्य काम पुढचाच ब्रेक करतो. मागच्या चाकावर भारच उरत नसल्याने नुसता मागचा ब्रेक कचकन दाबला की ते चाक अडकते आणि घसरते.

हे वाचून येत नाही, त्यामुळे एखादे रिकामे मैदान किंवा बंद रस्ता गाठावा. जमिनीवर एक बाटली ठेवावी, धावण्याच्या वेगाने तिच्याकडे यावे आणि बाटलीपाशी पोहोचताच ब्रेक लावायला सुरुवात करावी. पेडल दोन्ही बाजूंना समपातळीत, सीटवरून किंचित उठलेले, कोपरे वाकलेली, टाचा खाली आणि कंबर मागे सरकलेली. एकेकच बोट लिव्हरवर ठेवावे आणि दाब एकदम न देता, ओला स्पंज पिळावा तसा, पण अर्ध्या सेकंदात, वाढवत न्यावा. मागचे चाक उचलल्यासारखे वाटले तर पुढचा दाब किंचित सैल करावा. दहा-बारा वेळा केल्यावर थांबण्याचे अंतर निम्म्यावर आलेले दिसते. मग हीच कवायत ओल्या जमिनीवर, मग पाठीवर कामाची बॅग घेऊन करावी. शर्यतीची तयारी आणि शहरातली सुरक्षितता या दोन्हींसाठी मी एकच सराव सांगायचा म्हटले तर हाच सांगेन.

ताशी 25 किलोमीटर वेगाने सायकल सेकंदाला सुमारे 7 मीटर जाते. धोका दिसून बोट हलेपर्यंत एक सेकंद गेला तर ते 7 मीटर तर गेलेच. पुढे कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने थांबायला आणखी 5 मीटर लागतात. उतारावर वेग 40 झाला की पहिला आकडा 11 च्या पुढे जातो, पण दुसरा अडीच पट होतो, कारण थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पावसात यावर आणखी भर पडते. गर्दीच्या ठिकाणी ब्रेकच्या लिव्हरवर बोट आधीच ठेवावे, ते यासाठी.

वळणाआधी वेग कमी करावा, वळणात नाही. कललेल्या सायकलच्या टायरची बरीचशी पकड वळण्यातच खर्च झालेली असते, तिथे ब्रेकसाठी काही उरत नाही. ट्रामचे रूळ, चेंबरची झाकणे आणि रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे ओले असताना यांवर ना वळावे, ना ब्रेक लावावा. रूळ तर शक्य तितक्या काटकोनात ओलांडावेत, कारण अरुंद कोनात गेलेले चाक खाचेत अडकते.

नजर

जिकडे पाहाल तिकडे सायकल जाते, हे ट्रेलवर पहिल्याच दिवशी शिकवले जाते. दगडाकडे टक लावली की चाक हटकून त्याच दगडावर जाते. म्हणून दगडाच्या बाजूच्या मोकळ्या जागेकडे पाहायचे असते. शहरात हा नियम पाळायचाच, फक्त नजरेला काम जास्त असते. मी उभ्या मोटारींच्या रांगेजवळून जाताना आत कोणी बसले आहे का, मागचे लाल दिवे नुकतेच विझले का, पुढची चाके वळलेली आहेत का, हे पाहतो. चौकात चालकाच्या चेहऱ्यापेक्षा पुढच्या चाकावर माझा जास्त विश्वास आहे. चालक आपल्याकडे पाहतो आणि तरीही त्याला आपण दिसत नाही, असे होते. चाक फिरू लागले की मात्र गाडी निघाली हे नक्की.

रस्त्यावरची जागा

नवखा सायकलस्वार भीतीने कडेला चिकटतो, आणि कड हीच सर्वांत वाईट जागा असते. तिथे काचा असतात, गटाराच्या जाळ्या असतात आणि चुकवायला दुसरी बाजू उरत नाही. मोटारीचे दार पूर्ण उघडले की ते सुमारे एक मीटर बाहेर येते. म्हणून उभ्या मोटारींपासून सव्वा ते दीड मीटर अंतर ठेवावे, आणि रस्ता त्यासाठी पुरेसा रुंद नसेल तर मार्गिकेच्या मधोमध यावे. मागून हॉर्न वाजतील. वाजू द्यावेत, हॉर्न वाजवणाऱ्याने आपल्याला पाहिलेले असते. स्वतः मोटारीतून उतरताना दाराच्या लांबच्या हाताने कडी उघडण्याची सवय लावावी, म्हणजे खांदा वळतो आणि मागे पाहिले जाते.

ट्रक आणि बस यांच्याबाबत कुठलीही सवलत देऊ नये. लांब वाहन वळते तेव्हा त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने न जाता वळणाच्या आतल्या बाजूला सरकतात. सिग्नलला थांबलेल्या ट्रकच्या आणि फुटपाथच्या मधली मोकळी जागा पुढे सरकायला बोलावत असते, पण ट्रक वळू लागताच तीच जागा मिटत जाते, आणि तिथला सायकलस्वार चालकाला आरशात दिसेलच असे नाही. अशा वेळी मागे थांबावे. शर्यतीत फट दिसली की घुसणे हे कौशल्य समजले जाते; ही फट त्यातली नव्हे.

रात्री पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा लावावा. पुढचा दिवा समोरच्याच्या डोळ्यांवर न जाता काही मीटरवर जमिनीवर पडेल असा वाकवावा. ट्रेलवर वापरायचा प्रखर दिवा शहरात पूर्ण क्षमतेने लावला की समोरचा चालक आंधळा होतो, आणि त्या आंधळ्या चालकाच्या वाटेत आपणच असतो.

पहिली शर्यत

हेल्मेट शर्यतीत सक्तीचे असते, शहरात स्वतःहून घालावे. ते भुवईच्या दोन बोटे वर, सपाट बसले पाहिजे. पट्ट्यांचा इंग्रजी व्ही कानाच्या पाळीखाली यावा आणि हनुवटीखाली एक बोट जेमतेम जावे. आतला फोम एकदाच दबण्यासाठी असतो. म्हणून डोके आपटल्यावर बाहेरून तडा दिसत नसला तरी हेल्मेट बदलावे.

क्रॉस-कंट्रीचा ट्रॅक सहसा चार ते सहा किलोमीटरचा असतो आणि त्याच्या फेऱ्या मारायच्या असतात. डाउनहिलमध्ये, म्हणजे फक्त उतारावरच्या शर्यतीत, मात्र एकेक जण वेळेच्या अंतराने सुटतो. पहिल्या शर्यतीसाठी क्रॉस-कंट्री निवडावी. सराव फेरी दोनदा मारावी: एकदा थांबत थांबत, अवघड उतारांवर सायकल हातात धरून चालत, मग सलग. ट्रॅकवर उलटे, म्हणजे टोक खाली केलेले बाण दिसतील. एक बाण अडथळा सांगतो, दोन मोठा अडथळा सांगतात आणि तीन म्हणजे अत्यंत धोक्याची जागा. जे सरावात जमले नाही ते शर्यतीत करून पाहू नये. उतरून पळत जाण्यात फार तर दहा सेकंद जातात.

सुरुवातीच्या गर्दीत पुढच्याच्या मागच्या चाकावर आपले पुढचे चाक चढू देऊ नये; चाके एकमेकांना लागली की पडतो तो मागचा. मागून वेगवान स्पर्धक बाजू मागत आला तर सरळ रेषा सोडू नये, मोकळी जागा येताच बाजू द्यावी. स्वतः ओलांडताना कोणत्या बाजूने जात आहात ते मोठ्याने सांगावे. पडलात तर आधी ट्रॅकच्या बाहेर यावे, मग अंग तपासावे, आणि पुन्हा बसण्याआधी हँडल सरळ आहे का आणि दोन्ही ब्रेक लागतात का ते पाहावे. डोके गरगरत असेल, मळमळत असेल किंवा पडल्याचे नीट आठवत नसेल तर शर्यत तिथेच सोडावी आणि डॉक्टरांना दाखवावे.

शर्यतीनंतर सायकलवरूनच घरी जायचे असेल तर तासभर तरी थांबावे, काही खावे आणि पाणी प्यावे. मनगटे बधिर झालेली असतात, नजर अजून ट्रॅकच्या वेगात असते आणि बोटांत लिव्हर दाबण्याइतकी ताकद उरली आहे का, हे उभ्या सायकलवर दाबून पाहिल्याशिवाय कळत नाही. टायरमध्ये हवा भरावी, रोटर आणि रिमवरचा चिखल पुसावा, दिवे लावावेत, आणि मैदानाबाहेर पडण्याआधी दोन्ही ब्रेक एकदा चालत्या सायकलवर पाहावेत.