हँडहेल्डवर कोणतं लिनक्स टाकावं? आधी स्लीप तपासा, फ्रेमरेट नंतर

हँडहेल्ड गेमिंग पीसीसाठी, म्हणजे हातात धरून खेळायच्या संगणकासाठी, लिनक्स निवडताना लोक फ्रेमरेटचे (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याचे) तक्ते लावून बसतात. अमुक डिस्ट्रोवर (लिनक्सच्या प्रकारावर) तमुक गेम चार फ्रेम जास्त देतो, म्हणून तोच टाका. हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. स्टीमओएस, बझाइट, नोबारा, कॅचीओएस, किमेराओएस या सगळ्यांवर खेळ चालतो तो त्याच प्रोटॉनवर (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या थरावर), ग्राफिक्सच्या त्याच मेसा ड्रायव्हरवर आणि बहुतेक वेळा गेम पडद्यावर दाखवणाऱ्या त्याच गेमस्कोपवर. त्यामुळे चार फ्रेमचा फरक खेळताना जाणवतही नाही. जाणवतं ते वेगळंच: पॉवर बटण दाबून खेळ अर्धवट ठेवला आणि तासाभराने पुन्हा दाबलं, तर खेळ होता तिथून सुरू होतो का? हे नीट होत नसेल, तर हातात आहे तो फक्त एक लहान आणि महाग लॅपटॉप. म्हणून निवड तिथूनच करायची.

हे सगळं एएमडी किंवा इंटेलच्या प्रोसेसरवर चालणाऱ्या हँडहेल्डबद्दल आहे. जुने कन्सोल-गेम चालवणाऱ्या एआरएमवरच्या छोट्या यंत्रांचा मामला वेगळा.

पायरी १: आधी गेमची यादी

रोज खेळता ते गेम कागदावर लिहा आणि प्रत्येक नाव प्रोटॉनडीबीवर (कुठला गेम लिनक्सवर चालतो ते सांगणाऱ्या साइटवर) शोधा. एकट्याने खेळायचे बहुतेक गेम चालतात. अडतात ते ऑनलाइन गेम, आणि तेही अँटी-चीटमुळे (फसवेगिरी पकडणाऱ्या प्रोग्राममुळे). व्हॅलोरंट, फोर्टनाइट, पबजी लिनक्सवर चालत नाहीत. एपेक्स लेजेंड्स आधी चालायचा; ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी त्याच्या निर्मात्यांनी लिनक्सवाल्यांना दार बंद केलं. जीटीए ऑनलाइनचंही त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बॅटलआय हा अँटी-चीट आल्यावर तेच झालं. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन्हींना प्रोटॉनवर चालता येतं, पण परवानगी गेमच्या निर्मात्याने द्यावी लागते. ती नसेल तर कुठलाही डिस्ट्रो काही करू शकत नाही. 'हा डिस्ट्रो टाक, व्हॅलोरंट चालेल' असं कुणी सांगत असेल, तर तिथेच थांबा. तुमचा मुख्य गेम अशा न चालणाऱ्यांपैकी असेल तर विंडोजच ठेवा, लिनक्सच्या वाटेला जाऊ नका.

पायरी २: यंत्राचा नेमका मॉडेल क्रमांक बघा

'माझ्याकडे अ‍ॅलाय आहे' एवढं पुरत नाही. असूसचा २०२३ चा आरओजी अ‍ॅलाय म्हणजे आरसी७१एल; त्यानंतरचा अ‍ॅलाय एक्स हे बॅटरी, रॅम आणि आतली मांडणी वेगळी असलेलं दुसरंच यंत्र. लेनोव्होच्या लीजन गो आणि लीजन गो एस यांचंही तसंच. यंत्राच्या पाठीवर बारीक अक्षरात क्रमांक असतो, तो टिपून घ्या. पुढे कुठलीही माहिती शोधताना तोच टाका.

आपल्याकडे हे जास्तच लागू पडतं. व्हॉल्व कंपनीचा स्टीम डेक भारतात अधिकृतपणे विकला जात नाही. जो येतो तो बाहेरून, बहुधा वॉरंटीशिवाय. इथे दुकानात मिळतात ते अ‍ॅलाय, लीजन गो, क्लॉ. आणि इंटरनेटवरचा निम्मा सल्ला डेक डोळ्यांसमोर ठेवून दिलेला असतो.

पायरी ३: मॉडेलप्रमाणे निवड

स्टीम डेक असेल तर स्टीमओएस सोडू नका. यंत्र आणि सिस्टीम दोन्ही व्हॉल्वचं आहे, स्लीप उत्तम आहे, आणि अपडेट फसलं तर 'तीन टिंबांचं' बटण दाबून धरून यंत्र चालू केलं की मागची आवृत्ती निवडता येते.

लीजन गो एस असेल तरी स्टीमओएसच. मे २०२५ मध्ये हे यंत्र स्टीमओएससह बाजारात आलं. व्हॉल्वबाहेरच्या कंपनीचं असं हे पहिलंच हँडहेल्ड.

अ‍ॅलाय, अ‍ॅलाय एक्स, मूळ लीजन गो: इथे मी बझाइट सांगतो. स्टीमओएस ३.७ पासून इतर एएमडी हँडहेल्डना आधार वाढला आहे हे खरं, पण स्टीमओएसची रिकव्हरी इमेज (सिस्टीम बसवणारी फाइल) पूर्ण डिस्क पुसते, सिक्युअर बूट (फक्त सही असलेली सिस्टीम चालू देणारी सोय) बंद करायला लावते, आणि डेकबाहेरच्या यंत्रांची बटणं, पंखा, वॅटची मर्यादा (प्रोसेसरने किती वीज घ्यावी ती) यांची तितकी काळजी घेत नाही. बझाइट फेडोराच्या अ‍ॅटॉमिक पद्धतीवर उभा आहे. मुख्य सिस्टीम लिहिता येत नाही, अपडेट एकसंध इमेज म्हणून येतं, आणि आधीची इमेज बूट मेनूत शाबूत राहते. डाउनलोड करताना हँडहेल्डसाठीची, म्हणजे नावात 'डेक' असलेली इमेजच घ्या. साधी डेस्कटॉपची घेतली तर गेम मोड (कंट्रोलरने चालणारा पूर्ण पडद्याचा स्टीम) मिळणार नाही.

इंटेलवरचा एमएसआय क्लॉ असेल तर स्टीमओएस आणि किमेराओएस यादीतून काढा, दोन्हींचा भर एएमडीवर आहे. बझाइट किंवा कॅचीओएसची हँडहेल्ड आवृत्ती बघा.

कॅचीओएस आणि नोबारा चांगलेच आहेत. पण तिथे सिस्टीम उघडी असते आणि बिघडली तर दुरुस्ती तुमच्याकडे. कॅचीओएस तर आर्चवर आधारलेला, म्हणजे अपडेटचा ओघ अखंड. टर्मिनलमध्ये रमणाऱ्याने खुशाल घ्यावा. धाकट्या भावाला यंत्र द्यायचं असेल तर नाही.

पायरी ४: विंडोज पुसण्याआधी

ही पायरी सगळे टाळतात आणि मग महिनाभर डिस्ट्रोला दोष देत बसतात. विंडोज असतानाच कंपनीच्या अ‍ॅपमधून बायॉस (यंत्र सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करा आणि कंट्रोलरचं फर्मवेअरही (त्या भागाच्या आतलं सॉफ्टवेअर). अ‍ॅलायमध्ये कंट्रोलरचा स्वतंत्र मायक्रोकंट्रोलर असतो. त्याचं फर्मवेअर जुनं असेल तर लिनक्समध्ये स्लीपनंतर बटणं मरतात. बायॉस नंतर पेनड्राइव्हवरून करता येतो, हे फर्मवेअर मात्र विंडोजमधूनच घालायचं असतं.

बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहा. बायॉसमध्ये सिक्युअर बूटला हात लावला की विंडोज ती मागतं.

ड्युअल बूटचा (एकाच डिस्कवर दोन्ही सिस्टीम ठेवण्याचा) आग्रह मला समजत नाही. ५१२ जीबीत दोन सिस्टीम आणि दोन्हींचे गेम मावत नाहीत, आणि विंडोजचं मोठं अपडेट आलं की बूटचा क्रम बदलण्याची धास्ती असते. दोन्ही हवंच असेल तर नवी एसएसडी घ्या आणि विंडोजची मूळ एसएसडी काढून डबीत जपून ठेवा. अ‍ॅलायला २२३०, लीजन गोला २२४२, अ‍ॅलाय एक्सला २२८० मापाची लागते. उघडण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचा.

पायरी ५: इन्स्टॉल

पेनड्राइव्ह बनवा, यूएसबी हबला कीबोर्ड जोडा, इन्स्टॉल करा. लीजन गोमध्ये बूट मेनू आडवा पडलेला दिसला तर घाबरू नका, त्याचं पॅनेल मुळात उभं आहे. सिक्युअर बूट चालू ठेवून बझाइट टाकत असाल तर पहिल्या बूटला निळ्या पडद्यावर की नोंदवायला सांगतात. ती नोंदवा, घाईत पुढे जाऊ नका.

पायरी ६: स्लीपची परीक्षा

आता खरं काम. मला सर्वांत जास्त झगडावं लागलं ते इथेच, आणि कितीही अनुभव असला तरी ही पायरी गाळता येत नाही.

आधी आत काय घडतं ते समजून घ्या. जुन्या लॅपटॉपमध्ये स्लीप म्हणजे रॅम सोडून बाकी सगळ्याची वीज फर्मवेअर तोडायचं. अ‍ॅलायसारख्या आजच्या यंत्रांत तसं होत नाही. कर्नेल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, सगळी कामं गोठवतो आणि मग वाय-फाय, एसएसडी, कंट्रोलर, ऑडिओ या प्रत्येक भागाने आपापली वीज कमी करून घ्यायची असते. सगळे गप्प झाले तरच प्रोसेसर खोल झोपेत जातो. एकानेही नकार दिला तर पडदा काळा होतो, पण यंत्र आत जागंच राहतं आणि तापत राहतं. म्हणून पडदा काळा झाला यावर विश्वास ठेवू नका. एकाच डिस्ट्रोला एका यंत्रावर शंभर गुण आणि दुसऱ्यावर शून्य मिळतात, तेही याचमुळे.

यावरून एक सक्त सूचना: परीक्षा पास होईपर्यंत यंत्र स्लीपमध्ये ठेवून कव्हरमध्ये किंवा बॅगेत घालू नका. बंद करूनच घाला. कापडी कव्हरमध्ये कोंडलेलं जागं यंत्र हात लावू नये इतकं तापतं, आणि आत लिथियमची बॅटरी आहे.

दुसरी गोष्ट, लाइव्ह पेनड्राइव्हवर (इन्स्टॉल न करता सिस्टीम चालवून) स्लीप तपासू नका. तिथे सिस्टीम यूएसबीवरून चाललेली असते आणि स्लीपमध्ये ती जोडणीच तुटू शकते. लाइव्हमध्ये पडदा, आवाज, वाय-फाय, स्पर्श एवढंच बघा. स्लीपचा निकाल इन्स्टॉल झाल्यावरच.

परीक्षा अशी घ्या. पहिल्यांदा कुठलाही गेम न लावता बटण दाबा, मिनिटभर थांबा, उठवा. हे जमलं की गेम लावून. मी यासाठी 'राजी' लावतो, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० चा गेम. हलका आहे आणि आवाज सतत चालू असतो, त्यामुळे बिघाड लगेच कानाला कळतो. उठवल्यावर पाच गोष्टी क्रमाने बघा: आवाज आला का, स्टिक हलवली की पात्र हलतं का, मागची बटणं चालतात का, वाय-फाय आपोआप जोडला का, आणि पडद्याचा उजेड कमी-जास्त होतो का. मग चार्जर लावून झोपवा आणि काढून उठवा. मग उलट. मग ब्लूटूथ इअरफोन जोडून. बहुतेक जण फक्त पहिला प्रकार करून 'स्लीप चालतं' असं ठोकून देतात, आणि झोपलेल्या यंत्राला चार्जर लावल्यावर ते जागं होऊन रात्रभर जळत राहतं हे त्यांना कळतच नाही.

अ‍ॅलायमध्ये दोन खुणा बघा. स्लीपमध्ये गेल्यावर स्टिकभोवतीच्या रंगीत कड्या पेटलेल्या राहिल्या, तर कंट्रोलर झोपलेला नाही. आणि उठल्यावर गेम तुम्हाला दुसरा खेळाडू समजू लागला, तर कंट्रोलर तुटून नव्याने जोडला गेला आहे. हे टाळण्यासाठीच हँडहेल्ड डीमन किंवा इनपुटप्लंबर हा प्रोग्राम असतो. तो गेमला एक कायमचा आभासी कंट्रोलर दाखवत राहतो, त्यामुळे खरा कंट्रोलर मागे जाऊन-येऊन राहिला तरी गेमला पत्ता लागत नाही. दोन्हींतलं एकच चालू ठेवा. तसंच वॅटची मर्यादा ठरवणारं डेकीचं (गेम मोडमध्ये जादा सोयी घालणाऱ्या साधनाचं) प्लगइन आणि डीमनमधली तीच सोय एकाच वेळी चालू ठेवू नका. उठल्यावर दोघांची ओढाताण होते आणि यंत्र कधी आठ वॅटवर अडकतं, कधी पंचवीसवर.

शेवटी रात्रीची परीक्षा. झोपताना बॅटरीचे टक्के लिहून ठेवा, गेम चालू असताना स्लीपला टाका, चार्जर काढा, सकाळी बघा. आठ तासांत बॅटरी जास्तीत जास्त दहा टक्के उतरली तर मी ते यंत्र पास करतो. वीस टक्क्यांहून जास्त उतरली, किंवा सकाळी पाठ कोमट लागली, तर नापास. एएमडीच्या अभियंत्यांनी या प्रकारच्या स्लीपसाठी एक निदान-साधन दिलेलं आहे. ते चालवलं की प्रोसेसर खरोखर खोल झोपेत किती वेळ होता आणि आडवं कोण आलं, हे अहवालात कळतं.

नापास झालं तर क्रम असा: फर्मवेअर पुन्हा तपासा, डिस्ट्रो अद्ययावत करा, सगळी प्लगइन काढून परीक्षा घ्या, आणि तरीही नाही जमलं तर डिस्ट्रो बदला. तुमच्याच मॉडेल क्रमांकाच्या लोकांना जिथे स्लीप नीट मिळतं, तो घ्या. कुठल्या तरी व्हिडिओतली कर्नेलची सेटिंग्ज बूट ओळीत चिकटवत बसू नका. ती कुठल्या यंत्रासाठी, कुठल्या कर्नेलसाठी लिहिली होती हे त्या व्हिडिओत सांगितलेलं नसतं, आणि पुढच्या अपडेटनंतर तीच नवा बिघाड करतात.

पायरी ७: बसवलेलं टिकवा

एसडी कार्ड स्टीममधूनच फॉरमॅट करा. विंडोजच्या एनटीएफएस ड्राइव्हवरचे गेम प्रोटॉनने चालवू नका. आज चालतील, उद्या अडतील. अ‍ॅलायवर चार्जिंगची मर्यादा ऐंशी टक्क्यांवर ठेवा.

अपडेटसाठी स्थिर शाखाच निवडा. बझाइटमध्ये परीक्षा पास झालेली इमेज पिन करून ठेवा, म्हणजे पुढची अपडेट तिला मेनूतून काढणार नाहीत. कॅचीओएसमध्ये प्रत्येक अपडेटआधी स्नॅपशॉट (सिस्टीमची त्या क्षणाची प्रत) घ्या. प्रवासाच्या आदल्या दिवशी काहीही अपडेट करू नका. आणि ज्या अपडेटमध्ये कर्नेल बदलला असेल, त्यानंतर रात्रीची परीक्षा पुन्हा घ्या. ती पास होईपर्यंत मागची प्रत मोडू नका.