पर्वतीय गोरिलांच्या भेटीला जाताना: सातारा-सांगलीच्या प्रवाशांसाठी

पर्वतीय गोरिला आज प्रामुख्याने दोनच ठिकाणी उरले आहेत: रवांडा, युगांडा आणि काँगो यांच्या सीमेवरील विरुंगा पर्वतात आणि युगांडातील ब्विंडीच्या अरण्यात. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या गणनेनुसार त्यांची संख्या १,०६३ होती. त्यांच्या संरक्षणाचा बराचसा खर्च पर्यटकांच्या पैशातून भागतो, पण त्याच पर्यटकांच्या श्वासातून त्यांना आजारही होऊ शकतो. म्हणून सातारा-सांगलीकडून या प्रवासाची आखणी करणाऱ्याने हॉटेल आणि विमानापेक्षा आधी स्वतःच्या प्रकृतीचा आणि वागणुकीचा विचार करावा.

गोरिला पाहण्याचा परवाना ठरावीक दिवसाचा असतो आणि तो बराच आधी घ्यावा लागतो. रवांडात त्यासाठी परदेशी पर्यटकाला १,५०० डॉलर मोजावे लागतात, तर युगांडात जुलै २०२४ पासून ८०० डॉलर. एका गोरिला कुटुंबाला दिवसाला जास्तीत जास्त आठच पर्यटक भेटतात, तेही एक तास, आणि १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश नसतो. कास पठारावर रोजच्या प्रवेशाला मर्यादा का घातली आहे, हे सातारकरांना वेगळे सांगायला नको. गोरिलांच्या जंगलातही वनरक्षकाच्या हातावर पैसे ठेवून वेळ वाढवून मागणे किंवा अधिक जवळ नेण्याचा आग्रह धरणे सर्वस्वी गैर आहे.

जून ते सप्टेंबर आणि डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने तुलनेने कोरडे असतात. गोरिला तासाभरात दिसतील की संध्याकाळ होईल, हे कोणीच सांगू शकत नाही. त्यामुळे निसरड्या चढावर चालण्याची सवय हवी. सज्जनगडाच्या पायऱ्यांपेक्षा वनखात्याची परवानगी काढून बामणोलीहून केलेला वासोट्याचा ट्रेक या तयारीला अधिक उपयोगी पडेल. गोरिलांच्या जंगलातील झुडपांत अंगाची आग करणाऱ्या काटेरी वनस्पती असतात, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे आणि जाड हातमोजे घ्यावेत. रवांडात प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी असल्याने कंदी पेढे आणि चिवडा कापडी पिशवीत किंवा डब्यात भरावा. पीतज्वराची (यलो फीव्हर) लस प्रवासाला निघण्यापूर्वी किमान दहा दिवस आधी अधिकृत केंद्रात घ्यावी, कारण युगांडात शिरताना आणि तेथून भारतात परतताना तिचे प्रमाणपत्र तपासले जाते.

सर्वांत गंभीर बाब आजाराची आहे. माणसाची आणि गोरिलाची जनुके सुमारे ९८ टक्के सारखी आहेत, त्यामुळे आपल्याला दोन दिवसांत बरी होणारी सर्दी त्यांच्या पिल्लाच्या जिवावर बेतू शकते. १९९६ मध्ये ब्विंडीतील एका कुटुंबात खरजेची साथ आली आणि एक पिल्लू दगावले. पशुवैद्य ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका यांनी तिचा माग काढला, तेव्हा शेतातील बुजगावण्यांना घातलेल्या जुन्या कपड्यांवर संशय गेला. म्हणजे प्रत्यक्ष स्पर्शाचीही गरज नव्हती. खोकला, ताप किंवा जुलाब असतील तर पैसे वाया जातील या भीतीने ते लपवणे अक्षम्य आहे. त्याच दिवशी सकाळी वनरक्षकाला स्पष्ट सांगावे आणि मागे राहावे. परवाना घेतानाच आजारपणात पैसे परत मिळण्याचे किंवा तारीख बदलण्याचे नियम विचारून ठेवावेत.

प्रत्यक्ष भेटीत मास्क नाकावरून खाली येऊ देऊ नये आणि किमान १० मीटर अंतर ठेवावे. शिंक आलीच तर तोंड फिरवून कोपराच्या घडीत शिंकावे. त्यांच्याजवळ काही खाऊ नये, थुंकू नये, फ्लॅश वापरू नये. पिल्लू कुतूहलाने जवळ आले तर हात पुढे न करता आपणच सावकाश मागे सरावे. रुपेरी पाठीचा मोठा नर धावून आल्यास पळू नये; खाली बसून नजर झुकवावी आणि वनरक्षक सांगेल तसे करावे. जंगलात शौचास जावे लागल्यास त्याला सांगून खोल खड्डा करून घ्यावा व तो बुजवावा.

सामान उचलण्यासाठी स्थानिक माणूस जरूर ठेवावा, मग पाठपिशवी हलकी का असेना. ब्विंडी १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले तेव्हा तेथील बाट्वा लोकांना पिढ्यान्‌पिढ्यांचे जंगल सोडावे लागले. कोयना आणि चांदोलीच्या विस्थापितांना ओळखणाऱ्या आपल्या भागातील वाचकाला त्याचा अर्थ चटकन कळेल. बाट्वांच्या वस्तीला भेट द्यायची झाल्यास पैसे थेट त्यांच्या हाती पडतात का, याची आधी चौकशी करावी. परतल्यावर गोरिलाच्या अगदी जवळ उभे राहिल्यासारखे दिसणारे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नयेत, कारण ते पाहून पुढचा पर्यटक तेवढ्याच जवळ जाण्याचा हट्ट धरतो आणि वनरक्षकाला त्याला आवरणे कठीण जाते.