क्रोमा काढताना या चुका टाळा

लग्नाच्या निमंत्रणाचा व्हिडिओ होता. नवरी नऊवारीत, मागे क्रोमाचा हिरवा पडदा, आणि पडद्याच्या जागी वाड्याचा चौक टाकायचा. घाईघाईत की मारली, म्हणजे सॉफ्टवेअरला हिरवा रंग पारदर्शक करायला सांगितला, आणि पहिला रेंडर (तयार व्हिडिओ) पाठवून दिला. तासाभरात नवरीच्या मावशीचा फोन. "अहो दादा, आमच्या मुलीच्या बांगड्या कुठं गेल्या?" फ्रेम थांबवून पाहिलं तर तिच्या मनगटातून मागचा लाकडी खांब आरपार दिसत होता. पडद्याबरोबर हिरवा चुडाही गेला होता.

चूक माझीच. शूटच्या आदल्या दिवशी कपडे विचारायला हवे होते. आपल्याकडच्या लग्नात हिरवं काही ना काही असणारच. चुडा आहे, शालू आहे, कधी पैठणीचा काठ आहे. तिथं निळा पडदा लावायचा. हिरव्या पडद्याची सोय मी नाकारत नाही. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर दर चार ठिपक्यांत दोन हिरव्याचे असतात, लाल आणि निळ्याचा एकेकच. त्यामुळे हिरव्या चॅनेलमध्ये नॉइज (दाणेदारपणा) कमी मिळतो आणि पडदा थोड्या उजेडात उजळतो. निळ्याला लाइट जास्त लागतो, पण तो भाड्यानं आणणं रोटो करत, म्हणजे फ्रेमागणिक हातानं कड आखत, रात्र काढण्यापेक्षा स्वस्त पडतं. मी ती रात्र काढली आहे. मनगटाभोवती मास्क (आखलेली सीमा) काढून ट्रॅक केला, तो कीलाइट या आफ्टर इफेक्ट्समधल्या की काढायच्या टूलच्या इनसाइड मास्कला दिला म्हणजे आतलं काही कापलं जाणार नाही, आणि हात अंगापासून लांब गेला की बांगड्यांच्या फटीतून पडदा डोकावायचा, तेवढ्या फ्रेम्स एकेक करून हातानं सोडवल्या.

दुसरी चूक मी नवीन मुलांमध्ये रोज पाहतो: एकाच कीकडून सगळं काम करून घ्यायचं. की एक काळं-पांढरं चित्र बनवते, त्याला मॅट म्हणतात: पांढरं राहतं, काळं जातं, करडं अर्धवट पारदर्शक. क्लिप ब्लॅकनं करड्याचं काळं होतं, क्लिप व्हाइटनं पांढरं. पडद्यावर सुरकुतीची सावली राहिली की क्लिप ब्लॅक वाढवायचं, साडीत भोकं दिसली की क्लिप व्हाइट खाली ओढायचं. दोन्हीकडून मॅट इतका आवळला जातो की केस कात्रीनं कापल्यासारखे दिसतात.

की नेमकं काय मोजते हे डोक्यात असलं की हात आपोआप आवरतो. पेट्रो व्लाहोस यांनी १९५०च्या दशकात निळ्या पडद्यासाठी कलर डिफरन्सचं गणित बसवलं, आणि आजच्या बऱ्याच कीअर्सच्या मुळाशी तेच आहे. एखाद्या पिक्सेलमध्ये हिरवा हा लाल आणि निळा या दोघांपेक्षा किती वर आहे, तेवढा तो पिक्सेल पारदर्शक. केसाच्या टोकाला हा फरक निम्माशिम्मा असतो, म्हणून तिथं करडा रंग येतो. तो करडा म्हणजेच केस. क्लिपनं तो पुसला की केस गेले.

म्हणून आधी माणसाभोवती ढोबळ मास्क काढून पडद्याचे कोपरे आणि स्टँड उडवा. मग दोन की करा. एक कडक, अंगाचा आतला भाग ठोस ठेवण्यासाठी, थोडी आत आक्रसलेली. दुसरी मऊ, फक्त कडांसाठी. मग दोन्ही एकत्र. हे करताना फायनल रिझल्टकडे बघत बसू नका, व्ह्यू बदलून स्क्रीन मॅट बघा, आणि अधूनमधून मागे भडक गुलाबी सॉलिड टाकून बघा. सुंदर बॅकग्राउंडवर कडेची घाण लपते.

इतकं करूनही कडा जिन्यासारख्या पायऱ्यापायऱ्यांच्या येत असतील तर दोष तुमचा नसेल. फुटेज ४:२:० आहे का बघा. अशा फाइलमध्ये चित्र १९२० बाय १०८० असलं तरी रंगाची माहिती ९६० बाय ५४० इतकीच साठवलेली असते, आणि की तर रंगावरच चालते. पुढच्या वेळी कॅमेरावाल्याकडे ४:२:२ मागा. आत्ता फक्त रंगाच्या चॅनेलला किंचित ब्लर देऊन त्यावरून की काढा, ब्राइटनेसला हात लावू नका.

आता हळद. हळदीच्या शूटमध्ये स्पिल (पडद्यावरून माणसावर पडलेली हिरवी झाक) काढला की चेहरे नारंगी-तांबूस होतात, आणि एडिटर ग्रेडिंगला दोष देत बसतो. आकड्यांत बघू. हळद लागलेल्या गालाचा एक पिक्सेल घ्या: लाल २००, हिरवा १८०, निळा ६०. स्पिल काढण्याची एक प्रचलित रीत अशी की हिरवा हा लाल-निळ्याच्या सरासरीपेक्षा वर जाऊ द्यायचा नाही. इथं सरासरी १३०. म्हणजे हिरवा १८० वरून थेट १३० वर आला, पिवळ्याचा नारंगी झाला. दुसरी रीत लाल-निळ्यापैकी जो मोठा असेल त्याला मर्यादा धरते. इथं ती २००, म्हणून गाल जसाच्या तसा राहतो. मात्र ही रीत केसांतला आणि पांढऱ्या धोतराच्या कडेचा हिरवेपणा पुरता काढत नाही. म्हणून चेहऱ्यावर मास्क टाकून तिथं सौम्य रीत, बाकी ठिकाणी कडक. नोडवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही सूत्रं हातानं लिहिता येतात. नसतील जमत तर स्पिल सप्रेसरचं प्रमाण चेहऱ्यापुरतं कमी केलं तरी भागतं.

कडेला काळी रेघ येते तेव्हा लोक पुन्हा कीकडे वळतात. पण क्रोमा काढलेली फाइल दुसऱ्या कुणाकडून आली असेल तर आधी अल्फा (पारदर्शकतेची माहिती) तपासा. प्रीमल्टिप्लाय केलेल्या फाइलमध्ये रंग अल्फानं आधीच गुणलेला असतो. अर्धपारदर्शक कडेवरचा १०० चा रंग फाइलमध्ये ५० होऊन येतो. सॉफ्टवेअरनं तिला स्ट्रेट (न गुणलेली) समजून पुन्हा गुणलं की उरतात २५. तीच ती काळी रेघ. आफ्टर इफेक्ट्समध्ये इंटरप्रिट फुटेजमध्ये जाऊन पर्याय बदला, मिनिटाचं काम आहे. आणि हो, अल्फा हवा असेल तर नेहमीच्या एच.२६४ मध्ये फाइल मागू नका, त्यात तो येत नाही. प्रोरेस ४४४४ मागा.

शटरचं थोडक्यात. नाचाच्या शॉटमध्ये हात फार धूसर येतो म्हणून काही जण शटरचा वेग वाटेल तसा वाढवतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साध्या दिव्यांखाली १/५० किंवा १/१०० वरच राहा, नाहीतर पडदा लुकलुकतो आणि दर फ्रेमला की बदलते.

सगळं जुळूनही माणूस चिकटवल्यासारखा वाटतो तेव्हा व्ह्यूअरचा गॅमा तात्पुरता खूप वर न्या, म्हणजे अंधारे भाग उजळून दिसतात. मावशींच्या त्या व्हिडिओत असं केल्यावर कळलं, वाड्याच्या चौकातल्या सावल्या करड्या होत्या आणि नवरीच्या केसांतला काळा पार कोळशासारखा. केसांचा काळा थोडा उचलला, पायाखाली मऊ सावली टाकली, मागच्या फोटोवर कॅमेऱ्याइतका ग्रेन (बारीक दाणा) चढवला. दुसऱ्या रेंडरवर मावशींनी फक्त गाण्याचा आवाज वाढवायला सांगितला.