कार्लटनच्या कर्णधाराविषयी बोलण्याआधी

मेलबर्नमध्ये भाड्याचे घर, मुलांची शाळा आणि बस-ट्रेनसाठीचे मायकी कार्ड एवढे मार्गी लागले की नव्याने आलेल्या माणसाला वाटते, आता आपण स्थिरावलो. मग मार्च उजाडतो, सोमवारी ऑफिसात चहाच्या वेळी सगळे एकाच विषयावर, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलवर, बोलू लागतात, आणि आपल्याला विचारले जाते की तुम्ही कोणत्या संघाचे. या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे आहे; अठरांपैकी एका क्लबाचे नाव घेतले की झाले. अडचण येते ती त्यानंतरच्या वाक्याला, म्हणजे ‘मग तुमच्या कर्णधाराचे यंदा काय चालले आहे?’ या चौकशीला. तिला काय उत्तर द्यावे आणि काय देऊ नये, यासाठी हा लेख आहे. उदाहरण म्हणून मी कार्लटन घेतला आहे, कारण मी त्यांच्याच बाजूचा आहे आणि कर्णधार व बेभरवशाचा फॉर्म या दोन विषयांवर त्यांच्या चाहत्यांइतके तावातावाने भांडणारे लोक या शहरात मला तरी दुसरे दिसलेले नाहीत.

नियम टीव्हीवर दोन सामने पाहिले की कळतात. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू गेला तर गोल, म्हणजे सहा गुण, त्यांच्या बाजूच्या खांबांतून गेला तर एक, मैदानावर प्रत्येकी अठरा खेळाडू आणि चार डाव, म्हणजे सामन्याचे चार भाग. कर्णधारपद मात्र आपल्या लोकांना हटकून चकवते, कारण आपण क्रिकेट पाहत मोठे झालेलो असतो. गोलंदाजी कोणाला द्यायची, स्लिप ठेवायची की काढायची, डाव कधी घोषित करायचा, हे सगळे तिथे कर्णधाराच्या हातात असते, त्यामुळे पराभवाचे खापर त्याच्या डोक्यावर फोडणे बऱ्याचदा रास्तही असते. इथे कर्णधार नाणेफेक करतो आणि त्यानंतर व्यूहरचनेचा जवळजवळ प्रत्येक निर्णय प्रशिक्षक घेतो. कोणाला बाकावर बोलवायचे, प्रतिस्पर्ध्याच्या हुकमी खेळाडूला कोण चिकटून राहणार, बचावफळीतला माणूस पुढे कधी ढकलायचा, हे ठरते प्रशिक्षकांच्या कक्षात, आणि निरोप पोचवायला वेगळ्या रंगाचा शर्ट घातलेला एक माणूस गोल झाल्यावर धावत मैदानात शिरतो. पहिला डाव संपल्यावर दुर्बिणीतून किंवा मोठ्या पडद्यावर नीट पाहा: खेळाडू घोळका करून उभे राहतात, प्रशिक्षक पांढऱ्या फळ्यावर लोहचुंबकाच्या गोट्या सरकवत असतो, आणि कर्णधार बहुतेक वेळा त्या फळ्याकडे पाहतही नसतो, तो नुकत्याच चुकलेल्या एखाद्या एकोणीस वर्षांच्या पोराच्या मानेवर हात ठेवून त्याच्या कानात काहीतरी सांगत असतो. त्याचे खरे काम ते आहे, आणि ते धावफलकावर दिसत नाही.

हे पूर्वीपासून असेच होते असे नाही. टॉम विल्स या क्रिकेटपटूने १८५८ साली हिवाळ्यात खेळाडूंनी तंदुरुस्त राहावे म्हणून फुटबॉलचा क्लब काढण्याची कल्पना मांडली, १८५९ साली मेलबर्नमध्ये पहिले नियम लिहिले गेले, आणि त्यानंतर दीर्घकाळ मैदानावर कर्णधाराचाच शब्द चाले. पुढे प्रशिक्षक आले तेव्हाही एकच माणूस दोन्ही पदे सांभाळतो असे कित्येकदा घडे. असे दुहेरी पद सांभाळून विजेतेपद मिळवणारा शेवटचा माणूस कार्लटनचाच होता: ॲलेक्स जेसॉलेन्को, साल १९७९. त्याचा जन्म ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गचा. युक्रेनियन वडील आणि रशियन आई यांच्याबरोबर तो महायुद्धानंतर लहानपणीच ऑस्ट्रेलियात आला. १९७० च्या अंतिम सामन्यात १,२१,६९६ प्रेक्षकांसमोर त्याने कॉलिंगवूडच्या खेळाडूच्या खांद्यावर चढून पकडलेल्या चेंडूचे छायाचित्र तुम्हाला या शहरात कुठे ना कुठे भिंतीवर दिसेलच, आणि त्या सामन्यात मध्यंतराला ४४ गुणांनी मागे असलेला कार्लटन शेवटी जिंकला होता हेही तुम्हाला कोणीतरी न विचारता सांगेल. परक्या आडनावाचा माणूस या खेळात कुठवर जाऊ शकतो याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आता सध्याच्या वादाकडे येऊ. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या नॉर्थहॅम्प्टन या छोट्या गावातून आलेला पॅट्रिक क्रिप्स २०१९ पासून सॅम डॉकर्टीबरोबर संयुक्त कर्णधार झाला आणि २०२२ पासून एकटा कर्णधार. त्याच वर्षी मायकेल वॉस प्रशिक्षक म्हणून आले. ते स्वतः ब्रिस्बेनचे कर्णधार असताना त्या संघाने २००१, २००२ आणि २००३ अशी सलग तीन विजेतेपदे मिळवली होती, त्यामुळे कर्णधारपद म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. २०२२ ची सुरुवात झोकात झाली, पहिल्या दहापैकी आठ सामने जिंकले, आणि मग शेवटचे चारही सामने गमावले. त्यांतला मेलबर्नविरुद्धचा पाच गुणांनी आणि अखेरचा कॉलिंगवूडविरुद्धचा अवघ्या एका गुणाने. पहिल्या आठ संघांना बाद फेरीत जागा होती आणि कार्लटन टक्केवारीच्या, म्हणजे केलेल्या आणि दिलेल्या गुणांच्या प्रमाणाच्या, फरकाने नववा राहिला. हातातोंडाशी आलेला घास असा गेला. पण त्या एका गुणाच्या पराभवात पंचांनी सर्वोत्तम खेळाडूची तीन मते क्रिप्सला दिली, आणि त्या मतांच्या जोरावर तो ब्राउनलो पदक, म्हणजे वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचा मान, एका मताच्या फरकाने जिंकला. एकाच संध्याकाळी संघाचा हंगाम बुडाला आणि कर्णधाराचे पदक पक्के झाले.

पुढच्या वर्षी जूनमध्ये संघ पंधराव्या क्रमांकावर होता आणि वॉस यांना घरी पाठवा अशी ओरड चालू होती. त्यानंतर त्याच खेळाडूंनी, त्याच कर्णधाराच्या हाताखाली, सलग नऊ सामने जिंकले, २०१३ नंतर प्रथमच बाद फेरी गाठली, सिडनीला सहा गुणांनी आणि मेलबर्नला दोन गुणांनी हरवले, आणि अंतिम सामन्याच्या एक पायरी अलीकडे ब्रिस्बेनने त्यांना थोपवले. २०२४ मध्ये हंगामाच्या मध्याला संघ दुसऱ्या क्रमांकावर होता. मग ये रे माझ्या मागल्या! शेवटचा सामना सेंट किल्डाने दोन गुणांनी जिंकला, दुसरीकडे फ्रीमँटल हरला म्हणून कार्लटनला आठवी जागा मिळाली, आणि बाद फेरीत ब्रिस्बेनने खाते उघडू न देता साठ गुण चढवले. या सगळ्या पडझडीच्या वर्षी क्रिप्सने ४५ मतांनी पुन्हा ब्राउनलो जिंकले. तोपर्यंतचा विक्रम ३६ चा होता. २०२५ च्या पहिल्याच सामन्यात, आदल्या वर्षी तळाला राहिलेल्या रिचमंडविरुद्ध, चाळीसहून अधिक गुणांची आघाडी घेऊन कार्लटन तेरा गुणांनी हरला, आणि त्या हंगामात पुढे पहिल्या आठांत आलाच नाही.

ही हकीकत मी एवढी सविस्तर दिली, कारण कर्णधारावर मत देणाऱ्याला ती पाठ असावी लागते. तिच्यातून निघणारी गोष्ट साधी आहे: कार्लटनमध्ये कर्णधाराचा फॉर्म आणि संघाचा फॉर्म ही दोन वेगळी खाती आहेत, आणि बरेचदा एकात जमा असते तेव्हा दुसऱ्यात खडखडाट असतो. तरीही चाहत्यांत तट पडलेच आहेत. एका तटाचे म्हणणे असे की क्रिप्स वर्षानुवर्षे गर्दीत घुसून चेंडू काढतो, अंगावर मार घेतो, आणि एवढे करूनही त्याच्यावर नेतृत्वाचे ओझे ठेवणे हा अन्याय आहे. बचावफळीत मागे उभे राहून सगळे मैदान पाहणाऱ्या जेकब वेटरिंगकडे पद द्यावे. दुसऱ्या तटाला वाटते की संघ नांगी टाकतो तेव्हा कर्णधाराने आवाज चढवायला हवा, आणि हा माणूस फार सौम्य आहे. तिसरा तट वयस्कांचा. त्यांना १९९५ चा, म्हणजे सोळाव्या आणि आजवरच्या शेवटच्या विजेतेपदाचा, कर्णधार स्टीफन कर्नाहन आठवतो, आणि त्यानंतरचा प्रत्येक जण त्याच्याशी तुलना होऊन कमी पडतो. माझ्या रांगेत बसणाऱ्या एक आजीबाई आहेत, त्या रेडिओ कानाला लावून सामना पाहतात आणि क्रिप्सने चेंडू उचलला की दर वेळी ‘आता पुढे कोणाला देणार बिचारा’ असे मोठ्याने म्हणतात. मला विचाराल तर वादाचा निकाल त्यांच्याच वाक्यात आहे. कर्णधार बदलल्याने पुढे चेंडू घेणारे हात वाढत नाहीत. आणि २०२२ व २०२३ या दोन्ही वर्षी साऱ्या लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा चार्ली कर्नो २०२५ च्या अखेरीस सिडनीला गेल्यावर तर ते आणखी कमीच झाले.

सौम्यपणाच्या आक्षेपाबद्दल मात्र थोडे सांगायला हवे, कारण तो आपल्याकडच्या लोकांना लगेच पटतो. कर्णधार निवडताना बहुतेक क्लबांत खेळाडूंचे मत विचारले जाते आणि प्रशिक्षक व व्यवस्थापन त्यावर शिक्कामोर्तब करतात. म्हणजे तो वरून लादलेला नसतो, बरोबरच्यांनी मानलेला असतो. डॉकर्टीला कर्करोगाने दोनदा गाठले आणि दोन्ही वेळा तो परत मैदानात आला, तेव्हा विरोधी संघाचे चाहतेही उभे राहिले. या शहरातल्या लोकांना कर्णधारात काय हवे असते ते अशा प्रसंगी कळते, आणि त्यात आरडाओरडा फार खालच्या क्रमांकावर येतो.

फॉर्म असा वरखाली का होतो, याचे स्पष्टीकरण देताना चाहते बहुधा खेळाडूंच्या मनोबलाकडे बोट दाखवतात. मला कारणे जास्त रुक्ष वाटतात. प्रत्येक क्लबाला पगाराची एकच कमाल मर्यादा असते आणि नवे खेळाडू वार्षिक निवडीतून येतात, त्यात तळाच्या संघाला आधी संधी मिळते. त्यामुळे संघांतले अंतर मुळातच कमी राहते, आणि मांडीचे स्नायू दुखावलेले तीन खेळाडू एकाच वेळी बाहेर बसले तरी दुसरा क्रमांक बघता बघता आठवा होतो. कार्लटनने हीच पगारमर्यादा मोडल्याचे २००२ साली उघड झाले, जबर दंड झाला, निवडीतले वरचे हक्क गेले, आणि त्याच वर्षी क्लब इतिहासात प्रथमच तळाला गेला. त्यानंतर २००५, २००६, २०१५ आणि २०१८ असा चार वेळा पुन्हा. आघाडी असतानाही कार्लटनचा चाहता खुर्चीच्या टोकावर का बसलेला असतो, हे कळायला एवढी यादी पुरे.

तर बोलायचे कसे? पराभवानंतरच्या सोमवारी कार्लटनचा माणूस स्वतःच्या कर्णधाराला वाट्टेल ते बोलेल. तुम्ही त्याला दुजोरा दिलात की तो तत्काळ कर्णधाराच्या बाजूने उभा राहील. हे घरातले भांडण आहे, आणि नव्या सुनेने पहिल्याच वर्षी त्यात बाजू घ्यायची नसते. प्रश्न विचारा: शेवटच्या डावात पंच मैदानाच्या मधोमध उडवतो ते चेंडू कोण जिंकत होते, क्रिप्सला कोण चिकटले होते, वेटरिंगवर एकट्यावर किती भार आला. असा एक नेमका प्रश्न पुढची वीस मिनिटे पुरतो आणि पुढच्या सामन्याचे आमंत्रणही बहुधा त्यातूनच मिळते. ‘कर्णधार बदला’ हे वाक्य मात्र निदान एक हंगाम तरी तोंडातून काढू नका.

सामना एमसीजीवर पाहा. बॉक्सिंग डे कसोटीमुळे ते मैदान तुमच्या ओळखीचे आहेच. रिचमंड किंवा जॉलिमॉन्ट स्थानकावर उतरून गर्दीबरोबर चालत राहिले की पोचता. दोन्ही संघांचे चाहते शेजारी शेजारी बसतात आणि पंचांना यथेच्छ शिव्या घालतात. त्याने बिचकू नका. खेळावर ओरडायला पूर्ण मुभा आहे, खेळाडूच्या वंशावर आणि रंगावर मुळीच नाही. सिडनीचा माजी संयुक्त कर्णधार ॲडम गुड्स हा आदिवासी समाजातला खेळाडू. वंशभेदाविरुद्ध बोलल्यानंतर २०१५ पर्यंत मैदानामागून मैदानांवर त्याची हुर्यो झाली आणि तो निरोपाचा मानही न घेता निवृत्त झाला. त्याची लाज या खेळाला अजून आहे. तुमच्या शेजारी कोणी तसे काही बोलले, खेळाडूला किंवा तुम्हाला, तर ऐकून घेऊ नका. मैदानावर तक्रारीसाठी संदेश पाठवायचा क्रमांक लावलेला असतो आणि कर्मचारी खरोखर येतात.

मुलाने शाळेतून दुसऱ्याच क्लबाचे नाव आणले तर त्याला आपल्या क्लबाकडे ओढू नका. इथे एका घरात तीन संघ असणे मुळीच वावगे नाही. तो एसेंडनचा निघाला तर कर्णधाराच्या वादापुरती तुमची सोयच होईल. त्यांचा तेव्हाचा कर्णधार झॅक मेरेट याने २०२५ चा हंगाम संपल्यावर स्वतःच हॉथॉर्नला जायचे ठरवले आणि क्लबाने त्याला सोडले नाही. ते प्रकरण निघाले की आम्हा कार्लटनच्या लोकांना आपला क्रिप्स अचानक फार आवडू लागतो.